वावरातून पहिला व्हिडिओ: नवशिक्यांसाठी

व्हिडिओ कशावर करावा, हे ठरवायची सोपी रीत आहे. गेल्या वर्षभरात लोकांनी तुम्हाला थांबवून काय विचारलं ते आठवा. वरूड-मोर्शीकडच्या माणसाला पाहुणे संत्र्याच्या बहाराबद्दल विचारतात. भिवापूरकडच्या बाईला मिरची वाळवताना रंग कसा टिकवायचा ते विचारतात. एखादी आजी पालथ्या माठावर लांब रोटी टाकायला बसली की नागपूरहून आलेल्या सुनाही भोवती गोळा होतात. जे उत्तर तुम्ही चार-पाच जणांना तोंडी दिलं आहे, त्याचाच पहिला व्हिडिओ करा. उत्तर तुम्हाला पाठ असतं, ऐकणारा नेमका कुठे अडतो तेही माहीत असतं, आणि निदान एक बघणारा तरी पक्का असतो.

त्या एका माणसाला डोळ्यासमोर ठेवा. नाव घेऊन ठेवा: मावशीचा पोरगा, शेजारच्या वावरातले काकाजी, बचत गटातल्या ताई. पुढचे सगळे निर्णय (किती बोलायचं, काय दाखवायचं, कोणत्या भाषेत बोलायचं) त्या माणसाकडे बघून घ्यायचे. 'सगळ्या महाराष्ट्रासाठी' केलेला व्हिडिओ बहुधा कोणाच्याच कामी येत नाही. त्यातला अर्धा वेळ स्वागतात जातो आणि उरलेला 'लाईक करा, शेअर करा' म्हणण्यात.

इथे उदाहरणाला मी ५ टक्के निंबोळी अर्क (पिकावरच्या किडीसाठी फवारतात तो) घेतला आहे. कडुनिंब प्रत्येक गावात आहे, काम हातानं करायचं आहे, टप्पे स्पष्ट आहेत आणि पऱ्हाटी (कपाशी) असलेल्या घरात तो कधी ना कधी लागतोच. तुमचा विषय पाटवडीचा किंवा शिलाईचा असला तरी पायऱ्या याच राहतील.

कागद आणि पेन

मोबाइल हातात घेण्याआधी काम कागदावर उतरवा. भाषण लिहायचं नाही, काम लिहायचं. अर्काचं काम असं आहे: वाळलेल्या ५ किलो निंबोळ्या कुटायच्या. तो भरडा ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा. वेगळ्या १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा भिजू घालायचा. सकाळी भरडा ढवळून पातळ कापडातून गाळायचा, त्यात साबणाचं पाणी ओतायचं. झाला १० लिटर अर्क. त्यात ९० लिटर पाणी घातलं की १०० लिटर फवारणीला तयार, आणि तो त्याच दिवशी वापरायचा.

आता प्रत्येक वाक्यासमोर लिहा, बघणाऱ्याला इथे काय दिसायला हवं? 'कुटायच्या' म्हटल्यावर उखळात पडणारं मुसळ दिसलं पाहिजे, आणि भरडा किती जाड ठेवायचा ते तळहातावर घेऊन दाखवलं पाहिजे. जाडी शब्दांत सांगता येत नाही, म्हणून तर व्हिडिओ करायचा. गाळताना कापड कोणतं, ते जवळून दाखवायचं. साबण किती, ते काट्यावर ठेवून आकडा दिसेल असं दाखवायचं. ज्या वाक्यासमोर दाखवण्यासारखं काहीच सुचत नाही, ते वाक्य बहुतेक गाळता येतं.

एक अडचण मात्र कागदावरच लक्षात येते. निंबोळ्या जून-जुलैत पडतात आणि फवारणी पुढे होते. एका दिवसात हे शूट होणार नाही. झाडाखाली सडा पडलेला असताना, बाया टोपल्यात वेचत असताना, अंगणात वाळत घातलेल्या असताना तेव्हाचे तेव्हा दहा-दहा सेकंदांचे तुकडे घेऊन ठेवा आणि मोबाइलमध्ये वेगळं फोल्डर करून त्यात टाका. शेतीच्या विषयांत ही सवय फार कामाची. पोळ्याला बैलांची खांदेशेकणी दाखवायची असेल तर ती वर्षातून एकदाच होते, चुकली की बारा महिने थांबा.

ऊन

आपल्याकडे उजेडाची कमतरता नाही, उलट तो जास्त होतो. मे महिन्यात दुपारी वावरात उभं राहून शूट केलं तर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात आणि पांढरा दुपट्टा नुसता चमकतो. शिवाय ४५ अंशांच्या उन्हात मोबाइल तापतो, कॅमेरा आपोआप बंद पडतो आणि सगळं थांबतं. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी साडेचार-पाचनंतर काम करा. ढगाळ दिवस मिळाला तर दिवसभर करा, कारण ढगातून आलेला उजेड सगळीकडे सारखा पडतो. निंबोळी अर्काची फवारणी तशीही संध्याकाळीच करावी, कडक उन्हात त्याचा परिणाम लवकर उतरतो. म्हणजे कामाची वेळ आणि शूटिंगची वेळ एकच निघते.

माणसाच्या पाठीमागे उघडं दार किंवा पांढरं आभाळ आलं की चेहरा काळा पडतो. जागा बदला आणि उजेड त्याच्या तोंडावर किंवा एका बाजूनं येऊ द्या. घराची छपरी यासाठी सगळ्यात चांगली जागा: वर सावली, समोरून मोकळा उजेड. डोक्यावर टोपी किंवा दुपट्टा असेल तर थोडा मागे सरकवायला सांगा.

रात्री घरात ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली शूट केलं की कधी कधी पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. कॅमेरा बिघडलेला नसतो. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि सेकंदाला ३० फ्रेम (म्हणजे ३० चित्रं) घेणाऱ्या कॅमेऱ्याचा त्याच्याशी मेळ बसत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'अँटी-फ्लिकर' किंवा 'अँटी-बँडिंग' असेल तर ५० हर्ट्झ करा. नसेल आणि २५ फ्रेमचा पर्याय असेल तर तो घ्या. दोन्ही नसेल तर सकाळची वाट बघा.

आवाज

इथे घाई करू नका. चित्र थोडं पुसट असलं तरी माणसं बघतात. आवाज कळला नाही की दहाव्या सेकंदाला सोडून जातात. आणि आपले अर्धे प्रेक्षक मोबाइल शेजारी ठेवून कापूस वेचत किंवा भाकरी थापत व्हिडिओ 'ऐकत' असतात.

मोबाइलचा माईक जवळचा आवाज चांगला घेतो, दूरचा नाही. माणूस दहा फुटांवर आणि मोबाइल हातात, असं असेल तर माणसापेक्षा वारा जास्त ऐकू येतो. त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मोबाइलबरोबर वापरतो ते वायरवालं इयरफोन. त्याच्या वायरवर छोटा माईक असतो. तो गळ्याखाली एक वीत अंतरावर पिनेनं लावा, पण कपड्यावर घासणार नाही असा. वायर आखूड पडते, तेव्हा दुसरा मोबाइल घ्या: त्यात आवाज रेकॉर्ड करण्याचं ॲप चालू करून बोलणाऱ्याच्या वरच्या खिशात ठेवा आणि पहिल्या मोबाइलवर चित्र घ्या. सुरुवातीला एकदा जोरात टाळी वाजवा. जोडताना टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज एकावर एक ठेवला की पुढचं सगळं बरोबर बसतं. पुढे आवड लागली तर काहीशे रुपयांत कॉलर माईक मिळतो. घेताना आपल्या मोबाइलला गोल पिन आहे की टाइप-सी, ते बघून घ्या.

वारा असेल तर माईकवर मऊ कापडाचा किंवा स्पंजचा तुकडा दोऱ्यानं बांधा. मोटारपंप, थ्रेशर, आटाचक्की यांच्याशी भांडण घेऊ नका, ते बंद झाल्यावर बोला. मंदिरावरच्या भोंग्याची वेळ गावात सगळ्यांना ठाऊक असते, ती सोडून बसा. टिनाच्या छपराखाली पाऊस सुरू झाला तर चित्र घेऊन ठेवा, बोलणं नंतर भरा.

रिकाम्या सिमेंटच्या खोलीत आवाज घुमतो. गोधड्या, वाकळी, धान्याची पोती असलेल्या खोलीत घुमत नाही. भाव वाढायची वाट बघत ज्या घरात कापूस भरून ठेवलेला असतो, त्या खोलीइतकी शांत जागा शहरातल्या भाड्याच्या स्टुडिओतही मिळणं कठीण. कापसाला भाव नाही तोवर निदान एवढा तरी फायदा घ्या. (त्या खोलीत चूल, बिडी, लोंबकळती वायर यातलं काही नको, हे वेगळं सांगायला नको.)

शूटिंग

आधी काच पुसा. खिशातला मोबाइल घामानं आणि तेलकट बोटांनी माखलेला असतो. धुरकट दिसणारे व्हिडिओ पुष्कळदा फक्त काच न पुसल्यामुळे तसे दिसतात. सुती कापडानं पुसा, धूळ असेल तर आधी फुंकर मारा.

मग एरोप्लेन मोड लावा. रेकॉर्डिंग ऐन रंगात असताना फोन वाजला की बऱ्याच मोबाइलांत रेकॉर्डिंग तिथेच तुटतं. जागा किती उरली आहे तेही बघून घ्या: १०८०पी, ३० फ्रेमवर दहा मिनिटांच्या चित्रणाला साधारण १ ते १.३ जीबी लागते, मोबाइलप्रमाणे थोडं कमी-जास्त. ४के (याहून मोठं, जड चित्र) ठेवू नका. तेवढं अपलोड करायला आपल्याकडे नेट नाही.

आडवा की उभा? मिनिटभरात संपणारी युक्ती असेल तर उभा धरा. तीन मिनिटांपर्यंतचा उभा व्हिडिओ यूट्यूब स्वतःच 'शॉर्ट्स'मध्ये टाकतं. टप्प्याटप्प्याचं काम, जे लोक पुन्हा उघडून बघणार, ते आडवं घ्या. एका व्हिडिओत अर्धं उभं, अर्धं आडवं मात्र करू नका.

मोबाइल हलू नये म्हणून स्टँड हवाच असं नाही. डब्यात तूर भरून त्यात मोबाइल खोचला की घट्ट बसतो. दोन विटांमध्येही बसतो. हातात धरायचाच असेल तर कोपरं पोटाशी टेकवा.

प्रत्येक टप्पा तीनदा घ्या: एकदा लांबून (जागा कळावी म्हणून), एकदा मधून (माणूस काय करतो ते), एकदा अगदी जवळून (हात काय करतात ते). प्रत्येक वेळी मोबाइल स्थिर धरून मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. बोटांनी झूम करू नका, चार पावलं पुढे जा. नवख्या माणसाचा हात सतत फिरत राहतो: आधी झाड, मग बकेट, मग काकू, मग पुन्हा झाड. बघणाऱ्याला त्यातलं काहीच नीट दिसत नाही. पडद्यावर ज्या वस्तूवर बोट दाबून धराल तिथला उजेड आणि स्पष्टता कुलूपबंद होते. हातातल्या भरड्याचं चित्र घेताना हे विसरू नका, नाहीतर कॅमेरा मागच्या गोठ्यावर जाऊन बसतो.

कुटणं, गाळणं, ओतणं या कामांचा स्वतःचा आवाज असतो. तोही थोडा राहू द्या.

बोलणं

कॅमेऱ्याकडे बघून एकट्यानं बोलणं बहुतेकांना जमत नाही, आणि जमवायची गरजही नाही. कॅमेऱ्यामागून एखाद्याला विचारायला सांगा आणि काम करणाऱ्यानं हातातलं न सोडता उत्तर द्यावं.

"काकू, हे रातभर काहून भिजू घालता?"

"अरे, तसंच टाकलं तं कस उतरतच नाही ना पाण्यात."

असं बोलणं राहू द्या. ते पुसून त्या जागी 'सदर मिश्रण रात्रभर भिजत ठेवावे' असं वाचलं की काकूही परक्या होतात आणि काकाजीही बघायचं सोडतात. वऱ्हाडीत, झाडीबोलीत, गोंडीत, ज्यात तुम्ही घरी बोलता त्यात बोला. फक्त आकडे मात्र सावकाश आणि दोनदा सांगा, आणि 'पायलीभर', 'मूठभर' बरोबर किलो-लिटरही सांगा. तुमच्या गंजात (पातेल्यात) किती मावतं ते बघणाऱ्याला कसं कळणार?

पहिल्या दहा सेकंदांत काय करून दाखवणार ते सांगून मोकळे व्हा: "पऱ्हाटीवरच्या लहान अळीसाठी घरी निंबोळी अर्क कसा करायचा ते दाखवतो, साहित्य एवढंच." नमस्कार एका शब्दात. यूट्यूबवरचा पहिलावहिला व्हिडिओ २००५ च्या एप्रिलमधला आहे आणि तो अवघा १९ सेकंदांचा. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक जण अमेरिकेतल्या एका प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून त्यांच्या सोंडा लांब आहेत म्हणतो आणि संपवतो. त्यात स्वागताची धून नाही की फिरणारं नाव नाही.

काय दाखवू नये

शेतीच्या व्हिडिओत ही पायरी हलकी घेऊ नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतरही तोंडाला काही न बांधता, उघड्या अंगानं, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं पंप मारणारे व्हिडिओ रोज येतात आणि त्याखाली 'एक नंबर भाऊ' अशा कॉमेंट असतात. तुमच्या व्हिडिओतला माणूस जसा दिसेल तसंच बघणारा करणार. निंबोळी अर्काची फवारणी असली तरी हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच शूट करा.

रासायनिक औषधांचं प्रमाण स्वतःच्या अंदाजानं सांगू नका, आणि दोन-तीन औषधं एकत्र करण्याचे नुस्खे तर मुळीच नको. प्रमाण कुठून घेतलं ते बोलून सांगा: डब्यावरचं लेबल, कृषी सहायक, अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, किंवा नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था. 'आमच्या वावरात असा फरक पडला' आणि 'सगळीकडे असाच पडतो' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली खुशाल सांगा. चोर बीटी म्हणून कापसाचं जे बियाणं विकलं जातं त्याची जाहिरात करायला कोणी पैसे देऊ केले तर दूर राहा. त्याला सरकारी मान्यता नाही आणि उद्या कारवाई झाली तर व्हिडिओ तुमच्या नावावर असेल.

मजूर बाया, शाळेची मुलं, दवाखान्यातली माणसं यांना विचारल्याशिवाय कॅमेऱ्यात घेऊ नका. विचारायचं ते शूट करण्याआधी. लाजेखातर कोणी 'घ्या' म्हणालं आणि तोंड फिरवलं, तर तो नकारच समजा. पीकविमा किंवा अनुदानाचा अर्ज भरून दाखवताना आधार क्रमांक, पासबुक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी पडद्यावर येतो. तो भाग कापा किंवा रिकाम्या फॉर्मवर दाखवा. आणि चंद्रपूरकडच्या वाचकांसाठी एक ओळ: धुऱ्यावर (बांधावर) वाघ दिसला तर मोबाइल खिशातच राहू द्या.

कापणं आणि जोडणं

यूट्यूबचं 'क्रिएट' नावाचं मोफत ॲप आहे. इनशॉट आणि व्हीएनही पुष्कळ लोक वापरतात. कोणतंही एक घ्या आणि त्यातली फक्त चार कामं शिका: तुकडा कापणं, तुकडे ओळीनं लावणं, आवाज कमी-जास्त करणं, पडद्यावर अक्षरं टाकणं. बाकीचे चमचमणारे पडदे आणि उडणारी फुलं लग्नाच्या व्हिडिओवाल्यांसाठी सोडा.

सगळे तुकडे ओळीनं लावा आणि एकदा सलग बघा. मग कापायला बसा: खोकणं, 'थांब थांब, चालू झालं का?', रिकामं चालणं, एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगणं. अर्काचा व्हिडिओ तीन-चार मिनिटांत बसायला हवा. आकडे मोठ्या ठळक अक्षरांत पडद्यावर टाका ('निंबोळी ५ किलो', 'साबण चुरा २०० ग्रॅम') आणि लोकांना वाचून होईपर्यंत ठेवा. मराठी टायपिंग जड जात असेल तर जीबोर्डमध्ये (गूगलच्या कीबोर्डमध्ये) मराठी भाषा निवडून माईकचं बटण दाबा आणि बोला. ते लिहितं, फक्त नंतर एकदा शुद्धलेखन तपासा.

संगीत नसलं तरी चालतं. हवंच असेल तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं मोफत घ्या आणि बोलण्याखाली अगदी हळू ठेवा. सिनेमातलं गाणं किंवा कंपनीनं काढलेली भजनाची कॅसेट लावली तर हक्काचा दावा येतो: कधी व्हिडिओचे पैसे त्यांना जातात, कधी व्हिडिओच बंद होतो, आणि ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक (यूट्यूबची ताकीद) आले तर चॅनेल जाऊ शकतं. जात्यावरच्या ओव्या आणि भुलाबाईची गाणी परंपरेनं चालत आलेली आहेत, ती तुमच्या घरच्या बाया स्वतः गात असतील तर बिनघोर वापरा. कोणाची रेकॉर्ड केलेली मात्र नको.

अपलोड

यूट्यूब ॲपमध्ये गूगल खात्यानं आत जा, खालचं अधिकचं चिन्ह दाबा, व्हिडिओ निवडा. पुढच्या पानावर चार गोष्टी विचारतात.

शीर्षक: बघणारा जे शब्द शोधेल तेच लिहा. 'निंबोळी अर्क ५ टक्के घरी कसा करायचा, कपाशीसाठी' हे चांगलं. 'बघा काय झालं!!!' हे वाईट. त्यातून काहीच कळत नाही आणि शोधल्यावर सापडतही नाही.

कोणाला दिसावा: पब्लिक, अनलिस्टेड, प्रायव्हेट असे पर्याय येतात. पहिल्यांदा अनलिस्टेड करा. मग ज्याच्याकडे लिंक असेल त्यालाच तो दिसतो. ती लिंक ज्या माणसासाठी व्हिडिओ केला त्याला आणि एखाद्या जाणकाराला पाठवा. "काही समजलं नाही का?" असं विचारलं तर सगळे 'मस्त' म्हणतील. म्हणून विचारा, "साबण किती घ्यायचा सांगितलंय?" उत्तर चुकलं तर तो भाग पुन्हा करा, नंतर पब्लिक करा.

मुलांसाठी आहे का: पोरांनी बघितलं तर काय बिघडलं, म्हणून बरेच जण 'हो' दाबतात. तसं केलं की त्या व्हिडिओखालच्या कॉमेंट बंद होतात. हा पर्याय खास लहान मुलांसाठी केलेल्या व्हिडिओंचा आहे. आपलं उत्तर 'नाही'.

वर्णन: साहित्य आणि प्रमाण इथे पुन्हा लिहा. व्हिडिओ लांब असेल तर ०:०० पासून सुरू करून 'भिजवणं', 'गाळणं', 'फवारणी' असे किमान तीन टप्पे वेळेसह ओळीनं लिहा, म्हणजे यूट्यूब त्याचे भाग पाडून देतं. वेळ मात्र इंग्रजी आकड्यांत लिहा.

फोन नंबरनं खातं पडताळून घेतलं नसेल तर पंधरा मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ चढत नाही आणि थंबनेलही (व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं चित्र) स्वतःचं लावता येत नाही. एक ओटीपी येतो, तेवढंच काम आहे, उरकून टाका. थंबनेलला गाळणाऱ्या हातांचा जवळचा फोटो आणि त्यावर दोन-तीन शब्द पुरेत.

आता नेट. टाकीवर, गच्चीवर, बसस्टँडजवळ कुठे रेंज चांगली लागते ते तुम्हाला ठाऊकच आहे. चढवण्याचा वेग १ एमबीपीएस मिळाला तर ३०० एमबीच्या फाइलला चाळीस मिनिटं लागतात. रात्री उशिरा किंवा पहाटे हेच काम लवकर होतं. रोजच्या पॅकमधला उरलेला डेटा तेव्हाच वापरून घ्या. कधी कधी अपलोड 'वाय-फायची वाट पाहत आहे' म्हणून तासन्‌तास अडकून राहतं. गावात वाय-फाय येणार नसतो. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये अपलोडसाठी फक्त वाय-फाय असा पर्याय चालू असतो, तो बंद करा. आणि चढल्याबरोबर व्हिडिओ धूसर दिसला तर घाबरून काढू नका. आधी हलकं चित्र तयार होतं, स्पष्ट चित्राला थोडा वेळ लागतो.

लोकांपर्यंत

व्हॉट्सॲपवर व्हिडिओची फाइल पाठवू नका, लिंक पाठवा. फाइल दाबून लहान होते, चित्र फुटतं, चार ग्रुप फिरल्यावर ती कोणाची तेही कळत नाही आणि प्रमाणात चूक निघाली तर परत घेता येत नाही. लिंकबरोबर दोन ओळी लिहा, आत काय आहे आणि किती मिनिटं. सकाळच्या 'सुप्रभात'च्या गर्दीत टाकू नका. संध्याकाळी माणसं वावरातून येऊन हातपाय धुऊन बसतात, ती वेळ बरी. आणि हंगाम बघा: अर्काचा व्हिडिओ दिवाळीत टाकून कोण बघणार?

कॉमेंटमध्ये "सोयाबीनवर चालते का?" असं कोणी विचारलं आणि तुम्ही करून बघितलं नसेल तर तसं लिहा आणि कृषी सहायकाला विचारून सांगतो म्हणा. शिवीगाळ असेल तर पुसून टाका, वाद घालू नका. पण कोणी आकड्यातली चूक दाखवली तर ती कॉमेंट वर पिन करा आणि वर्णनात दुरुस्ती लिहा. कॉमेंट वाचताना एकच प्रश्न जास्त लोक विचारताना दिसले, तर पुढच्या व्हिडिओचा विषय तिथेच मिळाला.

पैशाचं थोडक्यात. जाहिरातींचा वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर लागतात, आणि त्याबरोबर वर्षभरात ४००० तास बघितलं जाणं किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यू. ४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. एका माणसानं सरासरी दोन मिनिटं बघितलं तर सव्वा लाखाच्या आसपास वेळा व्हिडिओ उघडले गेले पाहिजेत. शॉर्ट्सच्या फीडमध्ये बघितलेला वेळ या तासांत धरत नाहीत. तेव्हा याच्या भरवशावर कर्ज काढून कॅमेरा घेऊ नका. लोणचं, मिरची पावडर, कलमं, शिलाई असं काही तुम्ही विकत असाल तर त्याची चार गिऱ्हाइकं आधी येतील.

चॅनेल जरा चालू लागलं की 'तुमच्यावर कॉपीराइट दावा आहे, इथे क्लिक करा' किंवा 'आमच्या कंपनीची जाहिरात करा, ही फाइल उघडा' असे मेल येतात. त्यातले बरेच खातं पळवायसाठी असतात. अशा मेलमधल्या लिंकवर जाऊ नका, खरोखर दावा असेल तर तो यूट्यूब स्टुडिओतच (चॅनेल सांभाळायच्या यूट्यूबच्या ॲपमध्येच) दिसतो. खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री) लावा. ज्या मोबाइल नंबरवर खातं आहे तो रिचार्जअभावी बंद पडू देऊ नका, नाहीतर ओटीपी दुसऱ्याच कोणाला जाईल. गूगलच्या सुरक्षा पानावर दहा बॅकअप कोड मिळतात (ओटीपी येत नसेल तेव्हा खात्यात शिरायला), ते कागदावर उतरवून सातबाऱ्याच्या फायलीत ठेवा, मोबाइलच्या गॅलरीत नको.